चुना लावलेली टाचणी

माझ्या म्होरं कुणी हासत हासत "चुना लावला" म्हणलं की माझं टाळकं सरकतं. फसवाफसवीला लोकं चुना लावणं म्हणत्यात, म्हणू देत बापडे. पण आमच्या घरात खरोखरचा चुना लावला होता. माझी थोरली जाऊ शिवम्मा, तिनं लावला, झाडूच्या काडीनं, अन् लावला कशाला तर टाचणीला. कपड्यात खोचायची ती टाचणी न्हाई बाई, तळ्यावर उडती ती. चतुराची बारकी बहीण म्हणा. चतुर मेला दांडगा, पंख पसरून बसतो. टाचणी दोऱ्याएवढी, बसली की पंख मिटून घेते.

तवा निजामाचं राज्य होतं. आमचं गाव सेलूच्या खालच्या अंगाला. चहूकडं काळी रानं, उन्हाळ्यात भेगा पडून पाय अडकावा अशी. गावाच्या वर जुनं तळं, तळ्याला दगडी बांध, बांधाला मोरी, अन् मोरीतून निघालेल्या पाटाखाली आमचा पानमळा. विड्याच्या पानांचा. माझे सासरे रामलिंगअप्पा, त्यांच्या आज्यानं लावलेला वेल. शेवरीच्या झाडांवर चढवलेला, लव्हाळ्यानं बांधलेला. आत शिरलं की भर चैतात अंगावर काटा यावा असा गारवा. आमची पानं सेलू-परभणीच्या बाजारात नावानं इकायची. पण वेलाची जात लय नाजूक. पाण्याची पाळी चुकली की पान मलूल, अन् एकदा मुळी सुकली की मग वरून गंगा ओतली तरी उपेग न्हाई.

मळ्यात कुणी पायताण घालून जायचं न्हाई, असा आमच्याकडचा रिवाज. मामा, म्हणजे सासरे, त्यात कुणाचा मुलाहिजा ठेवत न्हवते. एकदा पाटील विसरून वहाणांसकट आत शिरला, तर मामांनी त्याला हाताला धरून बाहेर काढला. "देवाच्या गाभाऱ्यात जाता का पायताण घालून?" म्हणले. पाटील वरमला अन् वहाणा काढून आला. आमचे मालक सेलूला जिनिंगात कामाला, म्हणून मळ्याचा सगळा भार मामांवर अन् थोरल्या दिरावर. थोरले दीर म्हणजे शिवरुद्र, शिवम्माचे मालक. शिवम्माला मी अक्का म्हणायची.

दिवाळी झाली अन् साहेब आला. दिनकरराव नाव त्याचं. आबपाशीचा साहेब, म्हणजे तळी, पाट, मोऱ्या सगळं त्याच्या हुकमात. बांध बघायला आला असंल असं गावाला वाटलं. बांधाकडं त्यानं ढुंकून बघितलं न्हाई. तंबू ठोकला, काचेच्या बरण्या मांडल्या, पातळ कापडाच्या जाळ्या काढल्या अन् म्हणला, "मला चतुर हवेत. टाचण्या हव्यात. या तळ्यावर जितक्या जातीचे असतील तितके." लोकं एकमेकाच्या तोंडाकडं बघायली. आमी चतुराकडं बघायचो ते एकाच कामाला. थवेच्या थवे खाली उतरून फिरायले की पाऊस जवळ आला म्हणायचं. त्यो बरणीत भरून काय करायचा?

पण साहेबाला खरंच नाद होता. सगळी तळी पालथी घालत आला होता तो. म्हणायचा, जिंतूरकडच्या खडकाळ डोहावर वेगळे, दुधना नदीच्या वाळूत वेगळे, गावच्या घाण डबक्यावर आणखी वेगळे. "असल्या कोरड्या मुलखात पाण्याचा प्रत्येक ठिपका म्हणजे एक निराळं गाव आहे," म्हणायचा. मिरचीसारखा लाल, काळ्या-पिवळ्या पंखांचा, हिरव्या अंगावर काळे पट्टे असलेला. असल्या सगळ्यांना तो छातीशी दोन बोटांत चिमटायचा. ते गप झाले की पेटीत टाचायचा. टाचणीला टाचणी टोचताना त्याचा चेहरा लेकराला न्हाऊ घालणाऱ्या बाईसारखा व्हायचा. कुणाला शिवी न्हाई, कुणावर हात न्हाई. गोड बोलायचा मेला. त्या गोड बोलण्याचीच मला आजपत्तोर भीती वाटते.

कारण कामाला माणसं लागायची, अन् माणसं म्हणजे वेठ. घरटी एक माणूस तळ्यावर हजर पाहिजे. दूध-तुपाची रसद वर. आमच्या घरचे थोरले दीर गेले. त्यांना साहेबानं काय काम द्यावं? चतुराला पाण्यात उभी काठी दिसली की तो येऊन टोकावर बसतो. काठी तळ्यात रोवली तर गाळात कलते, म्हणून साहेबानं माणूस रोवला. छातीएवढ्या पाण्यात थोरले दीर उभे, दोनी हातांत काठी वर धरलेली. "हलू नको," साहेब काठावरून सांगायचा. "हलायचं नाही, शिवरुद्र. तू हललास की ते उडतात." सकाळपासून ऊन डोक्यावर येईस्तोवर ते तसेच. बाहेर आले की पायाला जळवा लोंबायच्या. शेजारी आमच्या गावचाच मुंजाजी उभा असायचा दुसरी काठी घेऊन. त्याची बी तीच गत. संध्याकाळी दोघं आमच्या ओसरीवर थरथरत बसायचे अन् अक्का त्यांना विडा करून द्यायची.

थोरल्या दिराला ताप भरला. तापात बी बोलावणं चुकलं न्हाई. मळ्याला पाणी कोण देणार? मामा एकटे, कमरेत वाकलेले. पाटाची दारं धरता धरता पडायचे. अक्का एक दिवस पदर खोचून साहेबाच्या तंबूवर गेली अन् म्हणली, "सरकार, मालक तापानं फणफणायलेत. किती दिवस ऱ्हाणार तुमी?"

साहेब म्हणला, "बाई, प्रत्येक तळ्यानं मला काहीतरी नवं दिलं. तुमच्याच तळ्यानं अजून काही दिलं नाही. दिलं की तंबू हलवतो."

अक्का घरी आली अन् बसूनच ऱ्हायली. मग उठली, मळ्याच्या पाटावर गेली. तिथं पिवळ्याजर्द टाचण्या किती तरी असायच्या. एक धरून आणली. वाटीत हळद घेतली, पानाच्या डब्यातला चुना कालवला. हळदीत चुना पडला की कुंकवासारखं लाल होतं, पान खाणाऱ्या घराला हे काय शिकवायचं? झाडूची काडी बुडवून तिनं त्या टाचणीच्या पिवळ्या शेपटीवर बारीक बारीक लाल वळी काढली. शेवटाला नुसत्या चुन्याचा पांढरा ठिपका दिला. मी म्हणलं, "अक्का, काय करायलीस हे?"

"बांगड्या भरायलीय," ती म्हणली. "जाऊ दे मुडदा इथून."

थोरल्या दिरानं ती दुसऱ्या दिवशी काठीवरच धरली म्हणून दिली. माय गं, साहेबाचं तोंड बघायला पाहिजे होतं. "नायाब," म्हणला, "नायाब चीज! अशी कुठंच नाही." मामांच्या मळ्याकडून उडत आली म्हणल्यावर तो तसाच बुटांसकट मळ्यात निघाला. मामा आडवे झाले. साहेब थांबला तर थांबला, पण बूट काढायला वाकला न्हाई, पाय म्होरं केला. म्हाताऱ्यानं खाली बसून त्याच्या बुटांच्या नाड्या सोडल्या. मला लय राग आला. पण मामा उठले ते हासत. मळा बाटला न्हाई, एवढंच समाधान त्यांना होतं.

पाठोपाठ तंबू उठला. गावानं सुस्कारा टाकला. मुंजाजी ओसरीवर लोळून हासायचा, "वैनी, साहेबाला चुना लावला की हो तुमी!" अक्का बी हासली. मी बी हासले. थोरल्या दिराचा ताप उतरला. मळ्यानं पुन्हा अंग धरलं.

मग संक्रांत होऊन गेल्यावर गवंडी आले. सोबत शिपाई. त्यांनी मोरीच्या तोंडात दगडं भरली अन् वरून चुना थापला. जाड, पांढराफेक, हातभर. मामा धावत गेले. शिपाई म्हणला, हुकूम हाय. या तळ्यावर दुनियेत कुठं न्हाई अशी टाचणी सापडली हाय. पाणी खाली गेलं की तिची अंडी उघडी पडून मरतील. तवा तळ्याचं पाणी आता हलवायचं न्हाई. प्यायला घागर न्या, बाकी रानाला थेंब न्हाई. राखण करायला माणूस ठेवला हाय. अन् राखणदार कोण? मुंजाजी! डोक्याला सरकारी फेटा, हातात दांडकं.

मामा माघारी येऊन ओसरीवर बसले अन् अक्काकडं बघायले. त्या बघण्यापरीस चार फटके मारले असते तरी बरं. सासूबाई असत्या तर शिव्या देऊन मोकळ्या झाल्या असत्या. थोरले दीर मातूर बोलले. "तुझ्या बांगड्या भर आता मळ्याला," म्हणले. ज्यांच्यासाठी तिनं केलं तेच असं बोलले. म्या तोंडावर सांगितलं, "तुमचा ताप उतरला तो कुणामुळं?"

आमच्या इहिरीला पाणी पावसाळ्यापुरतं. माघ सरला अन् तळ दिसायला. मग मी अन् अक्का घागरी घेऊन तळ्यावर जायचो. प्यायचं पाणी म्हणायचं अन् वेलाच्या बुडी ओतायचं. घागरीनं मळा भिजतो का? पण हात थांबत न्हवते. एक एक बुंधा, एक एक घागर. पानं कडेनं वाळायली. मामा पहाटेपासून मळ्यात, वेलाला हातानं चाचपायचे, जिवंत हाय का बघायला.

एक दिवस मुंजाजीनं वाट अडवली. "वैनी, सकाळधरनं किती खेपा? एवढं कोण पितं घरात?" म्या म्हणलं, "मुंजाजी, ओसरीवर विडा कुणी खाल्ला? पाण्यात संगं कोण उभं होतं?" त्यो खाली बघत म्हणला, "वैनी, वेठीला न्हाई जावं लागत आता मला." अन् दांडक्यानं माझी घागर फोडली. मग अक्काची. पाणी माझ्या पायावरून तळ्यातच माघारी गेलं. आजबी त्याच्या घरावरून जाताना मी थुंकते.

फाल्गुनात साहेबाचा तंबू पुन्हा लागला. अक्का म्हणली, "चल भागम्मा. खरं सांगून टाकते. मारू दे मारायचं तर." आमी दोघी गेलो. साहेब खुर्चीवर बसून कीड लागू नये म्हणून पेटीत कापूर ठेवायला होता. अक्कानं पदर पसरला.

"सरकार, ती टाचणी खरी न्हाई. म्या रंगवली होती. हळद अन् चुना. लेकरागत वाढवलेला मळा मरायलाय आमचा. मोरी उघडा."

साहेबानं मान वर केली न्हाई. "मला माहीत आहे, बाई. स्पिरिटमध्ये ठेवली त्या दिवशीच बांगड्या सुटल्या."

मग मीच म्हणलं, "मग मोरी का बुजवली, सरकार?"

"सापडली त्याच संध्याकाळी मी हैदराबादला कळवलं होतं. तिथून विलायतेला कळलं. शाबासकी आली. तिला नाव दिलं गेलं, माझ्या नावावरून." त्यानं पेटी मिटली. "आता ती नाहीच, असं मी कोणत्या तोंडानं सांगू?"

"पण ती न्हाईच की, सरकार," अक्का म्हणली.

"आहे. या तळ्यावर आहे, म्हणून तर मोरी बंद आहे. मोरी उघडली तर लोक विचारतील, का उघडली? आणि सरकारला फसवलं म्हणून तुमच्या नवऱ्याला खडी फोडायला पाठवावं लागेल. मला ते आवडणार नाही." असं म्हणून तो हासला, अन् लय मायेनं बोलला, "पुढच्या महिन्यात बडे साहेब ती बघायला येतायत. जिवंत बघायचीय त्यांना. चार-पाच करून ठेवा. हात फार चांगला आहे तुमचा."

अक्का म्हणली, "करते. पण त्याच्या आधी मळ्याला एक पाळी पाणी द्या. एकच."

"बघू," साहेब म्हणला.

त्या "बघू"वर आमी किती जगलो! रोज मोरीकडं बघायचो. अक्का म्हणायची, आज देईल, उद्या देईल, बडे साहेब यायच्या आत तर देईलच. साहेबानं काही पाणी सोडलं न्हाई. शेवटी आमालाच मळ्यावर पाणी सोडावं लागलं. चैत लागला अन् वेलाची कांडी हातात मोडायली. शेवरी तेवढी उभी, अन् तिला गुंडाळलेला वाळका वेल. वाऱ्यानं पानं खाली पडायची अन् गोळा करायला कुणी वाकत न्हवतं.

बडे साहेब आले त्या सकाळी अक्कानं चुना कालवला. पानाच्या डब्यात चुना होता, कात होता, सुपारी होती, पान तेवढं न्हवतं. पिवळ्या टाचण्या तळ्याच्या काठावर मिळाल्या, मळ्यात आता एक बी येत न्हवती. अक्का डोळ्यांतलं पाणी पुसायची न्हाई, रंग फिसकटंल म्हणून. थोरल्या दिरांनी बाभळीच्या डिंकानं टाचण्यांचे पाय काठीला चिकटवले. जित्या होत्या बिचाऱ्या, पंख फडफडायच्या अन् जागचं हलता येईना.

बांधावर खुर्च्या, छत्री, सरबत. थोरले दीर छातीएवढ्या पाण्यात काठी धरून उभे. "हलू नको, शिवरुद्र," साहेब म्हणला. बड्या साहेबानं दुर्बीण डोळ्याला लावली. "वाहवा! सुभानअल्ला! नायाब!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. मुंजाजीनं बी वाजवल्या. आमी बाया बांधाच्या टोकाला उभ्या होतो. एका अंगाला तळं काठोकाठ भरलेलं, निळंशार, अन् दुसऱ्या अंगाला खाली आमचा मळा, कडब्यासारखा.

मामा मळ्याच्या बांधावर एकटेच बसले होते. टाळ्या ऐकून त्यांनी वर बघितलं. मग ते उठले. त्यांच्या वहाणा नेहमीसारख्या बाहेर काढून ठेवलेल्या होत्या. त्यांनी त्या एक एक करून पायात घातल्या अन् मळ्यात शिरले.

"मामा, वहाणा!" अक्का ओरडली. जन्माची सवय, तोंडातून निघून गेलं.

मामा थांबले न्हाईत. ओळीच्या मधून चालत ऱ्हायले, वाळक्या पानांवर वहाणा कराकरा वाजवत. ते वाजणं आमाला वर बांधापत्तोर ऐकू आलं. अक्कानं चुन्याची बोटं तोंडावर दाबून धरली.

बड्या साहेबानं दुर्बीण खाली केली. "वो बूढा वहाँ क्या कर रहा है?"

दिनकररावानं मागं वळून बघितलं. "काही नाही, हुजूर," म्हणला. "पडीक जमीन आहे ती."

मग दुर्बीण पुन्हा तळ्याकडं वळली. थोरले दीर काठी धरून तसेच उभे होते. बापाच्या वहाणांचा आवाज त्यांनाबी ऐकू गेला असणार. पण हलायचा हुकूम न्हवता.